लोकरी मावा, तात्या आणि आमचे दोन तुकडे

२००२ साली गणपतीच्या सुट्टीत गावी आले, तर नदीकाठच्या मळीतला ऊस काजळी धरल्यासारखा दिसत होता. भर पावसाळ्यात ऊस कसा, नजर ठरणार नाही असा हिरवा हवा. इथं पानांवर चुलीमागच्या भिंतीसारखा काळा थर बसलेला. तात्यांच्या मते तो करपा होता. मी एक पान वाकवून उलटं केलं, तर हाताला पांढरं पीठ लागलं. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी कापूस चिकटवावा तशी दाट रांग होती. बोटानं चिरडली की आतून चिकट, हिरवट ओल यायची.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडील एसटीत नोकरीला, त्यामुळं शेती तात्याच बघत. गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. मी कृषी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. उसावर पांढरं काही दिसलं की तो पिठ्या ढेकूण, एवढंच पाठ होतं, आणि तसं मी ठासून सांगितलंही. साफ चूक. पिठ्या ढेकूण पेरापाशी, पानाच्या देठाखाली दडून बसतो; पानाच्या पोटाशी असा पसरत नाही. मग खात्री करून घ्यायची म्हणून चार पानं पॉलिथिनच्या पिशवीत कोंबली आणि पिशवीचं तोंड नीट न बांधता एसटीनं कॉलेजला घेऊन गेले. कीटकशास्त्राच्या सरांनी पिशवी बघितली आणि माझ्यावर उखडले, "अगं, सांगलीचा मावा तू इथं आणून सोडलास की!" पिशवी लगेच रॉकेलमध्ये बुडवली गेली. हा मावा गावोगावी कसा पोचला याचं निम्मं उत्तर त्या पिशवीत होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

पानाचा रस शोषणारी ही बारीक कीड. त्याला लोकरी मावा म्हणतात, शास्त्रीय नाव सेराटोव्हॅक्युना लॅनिजेरा. जावा बेटावरच्या उसावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याची पहिली नोंद झाली. आपल्या देशात १९५८ मध्ये तो पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि पुढं बराच काळ पूर्व आणि ईशान्य भारतातच राहिला. महाराष्ट्रात तो जुलै २००२ मध्ये दिसला, तो आमच्या सांगली जिल्ह्यात. त्याच पावसाळ्यात तो शेजारच्या जिल्ह्यांत आणि हद्दीपलीकडं कर्नाटकात गेला. कुणी म्हणे बेण्यातून, म्हणजे लागणीसाठी आणलेल्या उसातून आला, कुणी म्हणे वाऱ्यावर. त्याची पंखवाली पिढी वाऱ्यावर जाते हे खरंच. पण वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे, तोडलेल्या उसाच्या गाड्या, लागणीचं बेणं आणि माझ्यासारखी हौशी मंडळी, ही सगळी त्याची फुकटातली वाहनं होती.

त्याची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि त्यासाठी तिला नराची गरज पडत नाही. त्यामुळं एका पानावरचा ठिपका बघता बघता पानभर होतो. मावा खालून रस शोषतो आणि अंगातून गोड चिकट पाणी सोडतो. ते खालच्या पानांच्या वरच्या बाजूला पडतं आणि त्यावर काळी बुरशी धरते. म्हणजे काळं झालेलं पान अनेकदा आजारी नसतंच, रोगी असतं त्याच्या वरचं पान. आम्ही मात्र आठवडाभर काळ्या पानांकडंच बघत बसलो होतो.

मळीचा तुकडा

मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. तुकडा सव्वा एकराचा. जुलै २००१ ची आडसाली, म्हणजे दीड वर्ष उभी राहणारी लागण, जात को ८६०३२. ही जात १९९६ साली पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून 'नीरा' या नावानं प्रसारित झाली आणि चार-पाच वर्षांत आमच्याकडं दुसरं काही लावायचं कुणी नावच घेईना. तीन फुटी सरी, नदीचं पाणी, आणि पाणीपट्टी एकरावर ठरलेली. पट्टी एकरावर असली की पाणी मोजून कोण देतो?

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. एकराच्या हिशोबानं युरियाच्या तेव्हाच्या पन्नास किलोच्या साधारण सात गोण्या, आणि त्याही चार हप्त्यांत. शेवटचा हप्ता उसाच्या बुडाला माती चढवतात त्या मोठ्या भरणीला, म्हणजे साडेचार-पाच महिन्यांच्या आत. त्यानंतर ऊस नत्र घेतो, पण त्याची साखर करत नाही, पाला करतो. तात्यांनी सात गोण्या घातल्याच. शिवाय दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला, जून २००२ मध्ये, "जरा काळोखी येऊ दे" म्हणून एकरी दोन गोण्या वर फेकल्या. काळोखी आली. पानं लुसलुशीत झाली, ऊस बारा फुटांवर गेला आणि ऑगस्टच्या पावसात एका अंगानं लोळला. शिवार ढगाळ, हवा दमट, आत वारा नाही, पानांत नत्राचा रस भरलेला. माव्याला आणखी काय हवं होतं?

ऊस शेवटी गवतच. गवताचा धर्म असा की जागा दिसली की झाकून टाकायची. तीन फुटी सरीत पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर दोन्हीकडची पानं एकमेकांत अडकतात, आणि त्यानंतर वर्षभर आत कुणी फिरकत नाही. किडीच्या बाबतीत हेच आमच्या अंगाशी आलं. रोग बांधावरून दिसेपर्यंत तो आत मुरलेला होता.

पंप आणि धुरळणी

पहिला इलाज अर्थातच औषध. तालुक्याच्या दुकानांत रांगा लागल्या होत्या. मॅलॅथिऑन, डायमेथोएट, मिथाईल डिमेटॉन, ज्याला जे मिळेल ते. पाठीवरचा पंप घेऊन तात्या आणि एक गडी फडात शिरले. बारा फुटी, लोळलेला ऊस. उभं राहून चालता येत नाही, बसून फवारता येत नाही. पात्यांनी हात-तोंड सोललं, कुसळं मानेत गेली. फवारा वरच्या पानांच्या पाठीवर पडत होता आणि मावा बसला होता पोटाखाली. जिथं फवारा पोचला तिथंही पाण्याचे थेंब त्या मेणचट लोकरीवरून मोत्यासारखे घरंगळले. मग कुणीतरी सांगितलं, धुण्याची पावडर घाला. घातली. थेंब जरा बसले.

नंतर धुरळणी. पहाटे दव असताना भुकटी पानाला धरते म्हणून चार वाजता सुरुवात केली. सहा वाजता तात्या बांधावर येऊन बसले, आणि बसल्या जागी त्यांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत बरे झाले. आजी त्या दिवशी जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

फवारलेल्या कडेच्या सऱ्यांत आठ-दहा दिवस मावा कमी दिसला. मग मधल्या सऱ्यांतून आणि शेजारच्या फडातून पुन्हा आला. शेजाऱ्यानं फवारलं की आमच्याकडं यायचा, आम्ही फवारलं की त्यांच्याकडं, असं वाटायचं. खरं तर तो कुठंच जात नव्हता, दोन्हीकडं होताच.

जानेवारी २००३ मध्ये तोड आली. टोळी बीडकडची. पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाला, अंगाला खाज सुटतीय, एकरी वरचे पैसे द्या. दिले. बायकांनी वाढ्यांच्या मोळ्या बांधल्या; त्या काळ्या वाढ्यांना आमच्या म्हशीनं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मागच्या खेपेला याच तुकड्यातून दहा खेपा गेल्या होत्या, या वेळी सात भरल्या. सातवीतही चिपाडासारखी कांडी बरीच. नुकसानीत माव्याचा वाटा किती आणि लोळण्याचा किती, हे मला तेव्हाही वेगळं काढता आलं नाही आणि आजही येत नाही. तात्यांनी सगळं माव्याच्या नावावर लिहिलं. जूनच्या दोन गोण्यांचा विषय घरात कुणी काढला नाही.

विहिरीचा तुकडा

दुसरा तुकडा विहिरीचा, एक एकर, मध्यम काळी जमीन. तिथं नोव्हेंबर २००२ मध्ये पूर्वहंगामी लागण करायची होती आणि मी पहिल्यांदाच शेतीच्या कामात तोंड घातलं. सरांकडून ऐकून आले होते: जोडओळ करा. अडीच फुटी सऱ्या पाडायच्या, दोन सऱ्यांत लागण करायची, तिसरी मोकळी ठेवायची. म्हणजे दर दोन ओळींनंतर पाच फुटांचा पट्टा.

"तिसरी सरी मोकळी?" तात्या म्हणाले. "कालिजात जमीन मोकळी ठेवायला शिकिवत्यात व्हय?"

पट्ट्यात हरभरा टाकू म्हटल्यावर ते जरा नरमले. बेणं निवडताना मात्र त्यांनी माझ्यापेक्षा जास्त काळजी घेतली. मावा नसलेल्या गावातून दहा महिन्यांचं बेणं आणलं, त्याचं पाचट तिथंच काढून टाकलं. शंभर लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम आणि ३०० मिली मॅलॅथिऑन घालून टिपऱ्या, म्हणजे बेण्याचे तुकडे, पंधरा मिनिटं बुडवले. पूर्वहंगामीला हेक्टरी ३४० किलो नत्र, म्हणजे एकरी सहा गोण्यांच्या आसपास. भरणीनंतर एक दाणाही घालायचा नाही, असं मी त्यांच्याकडून आजीसमोर कबूल करून घेतलं. आजी साक्षीदार असली की तात्या शब्द पाळत.

जुलै २००३ मध्ये मावा पुन्हा आला. मळीतल्या खोडव्यावर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकावर आला, आणि विहिरीच्या तुकड्यावरही आला. जोडओळीनं तो थांबला नाही, हे स्पष्ट लिहायला हवं. फरक एवढाच पडला की या वेळी तो आम्हाला पहिल्या पंधरवड्यातच दिसला, कारण पट्ट्यातून माणूस चालत आत जाऊ शकत होता. मी शनिवार-रविवारी यायचे आणि पट्ट्यांतून फिरत पानं उलटी करून बघायचे. कुठल्या पट्ट्यात किती हे वहीत लिहून ठेवायचे. पाण्याच्या पाटाजवळच्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त होता.

ऑगस्टच्या शेवटी साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारा माणूस, एक चपटा खोका घेऊन आला. आत ओलसर कागदात उसाच्या पानांचे वीतभर तुकडे. पांढऱ्या लोकरीवर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी, आणि त्या जाळ्याखाली हिरवट-करड्या अळ्या. नाव कोनोबाथ्रा, आता तिला डायफा अफिडिव्होरा म्हणतात. एका लहानशा पतंगाची अळी. आपल्याकडं अळी म्हटलं की पीक खाणारी, हे इतकं डोक्यात बसलेलं की तात्यांनी पहिली प्रतिक्रिया म्हणून चप्पल काढली.

ही अळी पान खात नाही, मावा खाते. माव्याच्या गर्दीतच जाळं विणून त्याच्या आडोशाला बसते आणि एकेक ओढून फस्त करते. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा तपकिरी, जाळीदार पंखांचा किडा. त्याची अळीही मावा खाते आणि पंख फुटल्यावर तोही खातो. शिफारस होती हेक्टरी हजार कोनोबाथ्राच्या अळ्या, किंवा मायक्रोमसच्या अडीच हजार. पण तेवढ्या आणायच्या कुठून? शेडनेटमध्ये ऊस लावून, त्यावर आधी मावा वाढवून, मग त्यावर अळ्या वाढवायच्या असा तो उद्योग. मागणी साऱ्या पट्ट्याची. आमच्या वाट्याला त्या खोक्यात मोजून साठ-सत्तर अळ्या आल्या.

पानाचे तुकडे माव्यानं भरलेल्या पानांना खालून स्टेपलरनं टाचायचे होते. स्टेपलर माझ्या कॉलेजच्या दप्तरातला. एका पट्ट्याला चार-पाच ठिकाणी, पाटाच्या कोपऱ्यात जास्त. हे काम करताना शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारे बांधावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "पाकोळीला आमी ह्येच केलं हुतं." पाकोळी म्हणजे पायरिला, उसाचा रस शोषणारी दुसरी एक कीड. तिच्यावरची एपिरिकेनिया ही परोपजीवी कीड अशीच पानांच्या तुकड्यांनी एका फडातून दुसऱ्या फडात नेत असत. पुस्तकातलं एक अख्खं पान त्या एका वाक्यात आलं होतं, आणि ते सांगणाऱ्याला कीटकशास्त्र हा शब्दही माहीत नसावा.

अट एकच होती: औषध मारायचं नाही. तात्यांना हे पटेना. पंधरा दिवस नुसतं बघत बसायचं? शेवटी वाटणी झाली. "मळीत माझं, हिरीवर तुझं." मळीतल्या खोडव्यावर त्यांनी धुरळणी केली, या वेळी तोंडाला ओला पंचा बांधून आणि फक्त कडेच्या सऱ्यांत. विहिरीवर मी एक थेंब पडू दिला नाही.

पहिल्या आठवड्यात काहीच घडलं नाही. दुसऱ्या शनिवारी पाटाच्या कोपऱ्यातलं पान उलटं केलं, तर लोकर होती पण भुसकट झालेली. बोट फिरवलं तर ओल लागली नाही. आत मावा नव्हता. पांढरी टरफलं, जाळी, अळीची काळी विष्ठा आणि पानाला चिकटलेले दोन कोष. शेजारच्या पानावर कोनोबाथ्रा नव्हती, तिथं चपट्या, बिनपायाच्या, जळवेसारख्या अळ्या होत्या. त्या सिरफीड माशीच्या, कुणी न सोडता आलेल्या. मी तात्यांना हाक मारली. त्यांनी पान हातात घेऊन उन्हाकडं धरलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्या सगळा खाऊन संपला म्हंजे मग ऊस खात्याल का?" प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं की मावा संपला की त्याही संपतात, म्हणूनच पुढच्या फडात उचलून न्याव्या लागतात.

सप्टेंबरभर आम्ही तेच केलं. आमच्याच फडातली जाळीवाली पानं तोडून नव्या ठिकाणी टाचायची. एक खोका मी मळीतही नेला, तात्यांची धुरळणी होऊन तीन आठवडे झाल्यावर. दिवाळीपर्यंत विहिरीचा तुकडा जवळजवळ साफ होता. मळीतला खोडवा साफ व्हायला त्यानंतर महिना लागला.

श्रेय कुणाचं

हे मैत्रिणींना सांगितलं की त्या म्हणतात, म्हणजे मित्रकीटक जिंकले, औषध हरलं. मला एवढं सरळ म्हणवत नाही. माझे दोन तुकडे तुलनेला धड नव्हतेच. एक लागण, दुसरा खोडवा. एक जोडओळ, दुसरा तीन फुटी. एक मध्यम जमिनीचा, दुसरा नदीच्या गाळाचा. मळीत उशीर झाला तो धुरळणीमुळं, की अळ्या उशिरा पोचल्यामुळं, की दाटीमुळं? तिन्ही असेल.

त्यात २००३ चा दुष्काळ. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं छावण्या पडल्या, ऊस चारा म्हणून गेला, लागणी घटल्या. राज्याचं साखर उत्पादन २००२-०३ च्या हंगामात सुमारे ६२ लाख टन होतं, ते २००४-०५ मध्ये २२ लाख टनांवर आलं. पेपरांत दुष्काळ आणि लोकरी मावा ही नावं जोडीनं यायची, पण उसाचं क्षेत्रच आटल्यावर माव्याचं घरही आटलं, हे कमी लिहिलं गेलं. कडक उन्हाळ्यात तो तसाही कमी होतो. पुढं ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्सिया नावाची टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी दक्षिणेतल्या उसात रुजली, आणि कोनोबाथ्रा-मायक्रोमस आपसूक पसरले. त्यानंतर मावा कुठंकुठं दिसतो, पण २००२ सारखा नाही.

आमच्यापुरतं मला खात्रीनं सांगता येतं ते इतकंच की वेळेवर दिसणं महत्त्वाचं ठरलं. साठ-सत्तर अळ्या बारा फुटी, लोळलेल्या, भरगच्च माव्याच्या फडात सोडल्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं, शंकाच आहे. त्या अजून आत न मुरलेल्या माव्यावर सोडल्या, आणि त्या आत नेता आल्या कारण आत जायला वाट होती.

जानेवारी २००४ मध्ये विहिरीचा तुकडा तुटला. एकराच्या मानानं खेपा चांगल्या भरल्या. टोळीनं खाजेचे पैसे मागितले नाहीत. तात्यांनी काट्याची पावती खिशात घातली, हरभऱ्याचे पैसे वेगळे मोजले आणि म्हणाले, मळीतही आता पट्टा ठेवू.

आमच्याकडं तेव्हापासून पाच फुटी पट्टाच आहे. गावातही आता बहुतेकांचा आहे. कारण विचारलं तर माव्याचं नाव कुणी घेत नाही. तीन फुटी सरीत पॉवर टिलर शिरत नाही, आणि भरणीला माणसं मिळत नाहीत.